वेगाविना वेष : जुन्या बुलेटचा ‘कॅफे रेसर’ करणाऱ्यांस

जुनी मोटारसायकल घ्यावी, तिचे मडगार्ड उतरवावे, मागचा सांगाडा ग्राइंडरने कापावा, तपकिरी रंगाची चौकटीचौकटीच्या शिलाईची बाकासारखी सीट बसवावी, सायलेन्सरवर पट्टी गुंडाळावी आणि या साऱ्यास ‘कॅफे रेसर’ म्हणावे, अशी एक रीत गेल्या दहापंधरा वर्षांत आपल्याकडे रूढ झाली आहे. पुण्यामुंबईत ती आधी आली. आता तालुक्याच्या गावीही ती पोहोचली आहे. तिच्या समर्थनार्थ जे बोलले जाते त्यात ‘सर्जनशीलता’, ‘स्व-अभिव्यक्ती’, ‘वारसा’ असे शब्द सढळपणे येतात. हे शब्द आमच्या नित्याच्या व्यवहारातले असल्यामुळे ते कुठे आणि कशासाठी खर्च होत आहेत हे पाहणे आम्हांस आमचे कर्तव्य वाटते. आमचे म्हणणे आरंभीच स्पष्ट मांडतो : आज या नावाखाली जे घडते आहे त्यातले बहुतांश कॅफे रेसर नव्हे, ते कॅफे रेसरच्या नेमके उलट आहे. आणि या उलट्या व्यवहाराची किंमत तीन ठिकाणी चुकवावी लागते. चालवणाराचा जीव धोक्यात येतो, पुन्हा घडू न शकणारे यंत्र नष्ट होते, आणि कारागिराचे ज्ञान निरुपयोगी ठरते.

नावामागची गोष्ट

कॅफे रेसर ही वस्तू इंग्लंडातली, आणि तिचा काळ साधारणतः 1950 ते 1970 या दोन दशकांचा. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावर 1938 साली सुरू झालेले एस कॅफे हे त्या जगाचे सर्वांत प्रसिद्ध ठिकाण. युद्धात बॉम्बहल्ल्यात ते पडले, 1949 साली पुन्हा उभे राहिले आणि 1969 साली बंद झाले. (2001 साली ते पुन्हा उघडले, पण ती स्मरणाची कथा आहे.) मुळात ते ट्रकचालकांचे खाणावळवजा विश्रामस्थान. रात्रभर उघडे, चहा स्वस्त, गाणी वाजवणारे यंत्र कोपऱ्यात. तिथे जमणारी मुले कारखान्यांतली, गॅरेजांतली, निरोप्याच्या नोकरीतली होती. युद्धोत्तर काळात त्यांच्या हाती प्रथमच थोडा पगार आणि हप्त्यांची सोय आली होती. मोटारगाडी मात्र आवाक्याबाहेरच होती. वस्तीबाहेरच्या रस्त्यांवर वेगमर्यादा नव्हती. ताशी 70 मैलांची मर्यादा 1965 च्या अखेरीस आली. ताशी शंभर मैल, म्हणजे सुमारे 160 किलोमीटर, हा या मुलांचा ध्यास होता. तो आकडा गाठणाऱ्यास मान मिळे.

हा ध्यास ध्यानात घेतला की त्या गाडीच्या रूपातील प्रत्येक गोष्टीचा अर्थ उलगडतो. हँडल खाली आणि मागे घेतले ते छाती टाकीवर टेकवून वाऱ्याचा विरोध कमी करता यावा म्हणून. हँडल खाली गेल्यावर पाय पुढे ठेवून अंग वाकत नाही, म्हणून फूटरेस्ट मागे नेले. शिवाय वळणावर गाडी कलंडली असता ते रस्त्याला घासू नयेत, हाही हेतू होता. सीट एकट्याची, मागे उंचवटा असलेली, कारण वेग घेताना अंग मागे सरकू नये. टाकी लांब आणि ॲल्युमिनियमची, कारण लोखंडापेक्षा ती हलकी. जे काढले ते वजन घटवण्यासाठी काढले आणि जे घातले ते वेगासाठी घातले. रूप हे या गणिताचे उत्तर होते. उत्तर आधी लिहून कोणी गणित मांडले नव्हते.

त्या काळातली सर्वांत मानाची गाडी ट्रायटन. ती कोणत्याही कारखान्याने बनवली नव्हती. नॉर्टन कंपनीचा 1950 सालचा ‘फेदरबेड’ सांगाडा रस्ता धरण्यात अद्वितीय होता; ट्रायम्फचे जुळ्या सिलिंडरचे इंजिन जोरकस, सुलभ आणि सुधारण्यास सोपे होते. त्याच सुमारास पाचशे सीसीच्या छोट्या शर्यतमोटारी बांधणाऱ्यांना नॉर्टनची इंजिने हवी होती. कंपनी सुटे इंजिन देईना, म्हणून ते अख्खी मोटारसायकल विकत घेत, इंजिन काढून घेत आणि उरलेला सांगाडा विकून टाकत. त्या उरलेल्या सांगाड्यांत ट्रायम्फचे इंजिन बसले. म्हणजे ट्रायटन ही एका अर्थी उष्ट्यातून उभी राहिलेली वस्तू होय. पण ते उष्टे पारखून घेतलेले होते : सर्वोत्तम सांगाडा आणि सर्वोत्तम इंजिन एकत्र आणणे, दोहोंच्या मधल्या पट्ट्या स्वतः घडवणे, चेनची रेषा सरळ आणणे. डेव्ह डीगन्स या बांधणाऱ्याने 1965 साली अशाच ट्रायटनवर बार्सिलोनाची चोवीस तासांची शर्यत साथीदारासह जिंकली. घरगुती जुळणीने कारखान्यांच्या गाड्यांना हरवले, हा त्या परंपरेचा खरा मानबिंदू.

या मुलांना आम्ही देवत्व देऊ इच्छित नाही. त्यांच्यातले अनेक रस्त्यावर मेले. शिरस्त्राण तिथे 1973 पर्यंत सक्तीचे नव्हते. 1964 सालच्या समुद्रकिनाऱ्यांवरील मारामाऱ्यांनंतर वृत्तपत्रांनी त्यांना राक्षस ठरवले. ते राक्षसीकरण कसे घडले याचा अभ्यास स्टॅन्ली कोहेन यांनी 1972 साली ग्रंथरूपाने मांडला आणि समाजशास्त्रास एक नवी संज्ञा दिली. सांगायचे ते इतकेच की ती गाडी प्रतिष्ठितांच्या नजरेला खुपणारी, श्रमिक मुलांची, हाताने घडवलेली आणि हेतूने बांधलेली होती. आज आपल्याकडे जी तिची नक्कल होते तिच्यात या चारांपैकी एकही गुण अपवादानेच सापडतो.

आपल्याकडे काय होते

आपल्याकडचा कच्चा माल म्हणजे मुख्यतः जुनी बुलेट, येझदी आणि आरएक्स 100. बिडाच्या सिलिंडरची साडेतीनशेची बुलेट सुमारे अठरा अश्वशक्तीची. ती धीम्या ठेक्यावर, कमी फेऱ्यांत ओझे ओढण्यासाठी आखलेली आहे. शंभर मैलांचा आकडा तिच्या वेगमापकावर जरी छापला तरी ती तिथे पोहोचणार नाही. अशा गाडीला खालचे हँडल लावल्याने काय साधते? वाकून बसण्याची ती ठेवण सुसह्य होते ती वेगात, कारण समोरून येणारा वारा छातीचा भार थोडा उचलून धरतो. चाळीसच्या गतीने सिंहगड रस्त्यावरच्या गर्दीत तोच सारा भार मनगटांवर येतो. अर्ध्या तासात हात बधिर होतात आणि बधिर हाताने क्लच आणि पुढचा ब्रेक दाबावा लागतो. इंग्रजी मुलाने ही गैरसोय वेगाच्या बदल्यात पत्करली होती. आपण ती छायाचित्राच्या बदल्यात पत्करतो.

एअरफिल्टरचा डबा काढून कार्बोरेटरच्या तोंडाशी शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर लावतात. त्याने हवा वाढते. पण जेट बदलून पेट्रोलही त्या प्रमाणात वाढवले नाही तर मिश्रण कोरडे होते, इंजिन तापते. टू-स्ट्रोक गाडीत हे अधिक जिवावर बेतते, कारण तिथे पेट्रोलबरोबर ऑइलही जात असते. मिश्रण कोरडे पडले की वंगणही घटते आणि पिस्टन जाम होतो. भर वेगात मागचे चाक अडकणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले आहे त्यास सांगायला नको. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर तर केवळ आवाज दाबणारे नळकांडे नसतोच. त्याच्या लांबीरुंदीवर परतणाऱ्या लाटा ठरतात आणि त्या लाटांवर इंजिनाची शक्ती ठरते. तो अर्ध्यात कापला की आवाज वाढतो आणि शक्ती घटते. म्हणजे ज्यास आपण ‘रेसर’ म्हणून मिरवतो ती गाडी मूळ गाडीपेक्षा हळू झालेली असते.

मागचे मडगार्ड काढतात. हा अविचार जून ते सप्टेंबर कोल्हापुरात अथवा कोकणात गाडी चालवणाऱ्याने करावा, हे नवल. मागच्या चाकाचा चिखल चालवणाऱ्याच्या पाठीवर, मागून येणाऱ्याच्या डोळ्यांत आणि विजेच्या जोडण्यांत जातो. सायलेन्सरवर पट्टी गुंडाळतात. तिच्यात पाणी मुरते आणि आतला पाइप गंजतो. आणि सर्वांत गंभीर गोष्ट : सांगाडा कापतात. सीटची रेषा सरळ दिसावी म्हणून मागची कमान कापून नवी नळी जोडताना ती नळी कोणत्या जाडीची, झाळ कितपत खोल गेली, शॉकॲब्झॉर्बरचा वरचा टेकू आता कशावर उभा आहे, याचा विचार चकचकीत रंगाखाली झाकला जातो. जोड तुटतो तेव्हा खड्ड्यात तुटतो.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र बहुधा तशीच राहते, ती म्हणजे ब्रेक. पन्नास वर्षांपूर्वीच्या आखणीचा पुढचा ड्रम, झिजलेले लायनर, ताणलेली केबल. फूटरेस्ट मागे नेल्यावर मागच्या ब्रेकलाही नवी, लांब जोडणी लागते; तिचे सांधे सैल असले तर दाबलेल्या पावलाचा निम्मा जोर वाटेतच हरवतो. खर्चाच्या यादीत सीटच्या कातड्याला आणि टाकीच्या रंगाला जागा असते, ब्रेकला नसते. कारण ब्रेक दिसत नाही. आमच्या मते एवढा एक निकष या साऱ्या चळवळीचे स्वरूप उघड करण्यास पुरेसा आहे.

आक्षेप आणि उत्तरे

यावर पहिला युक्तिवाद असा केला जातो की शैली प्रवास करते. ती आपल्या जन्मभूमीची अटी घालून येत नाही. लंडनचे कारण कोल्हापुरात शोधणे हाच पोथीनिष्ठपणा आहे. हा युक्तिवाद आम्ही गंभीरपणे घेतो, कारण साहित्यात आम्ही तो स्वतः वापरतो. गझल फारसीतून उर्दूत आणि उर्दूतून मराठीत आली. माधव जूलियनांनी ती आणली, सुरेश भटांनी ती रुजवली. पण कशी? वृत्त, काफिया आणि रदीफ यांचे बंधन सांभाळून, मराठीच्या ऱ्हस्वदीर्घांशी ते जुळवून. दोन दोन ओळींमध्ये मोकळी जागा सोडून छापली म्हणजे गझल होत नाही, हे आम्ही वर्गात सांगतो आणि विद्यार्थ्यांना ते पटते. मग मोटारसायकलच्या बाबतीत मोकळी जागा म्हणजेच गझल असे का मानावे? रूपाचा प्रवास व्हावा, अवश्य व्हावा. पण रूपाबरोबर त्याच्या आतला नियमही यायला हवा. आपल्या रस्त्यांचा, पावसाचा, खड्ड्यांचा, मागे बसणाऱ्या माणसाचा विचार करून कोणी बुलेट बदलली असती तर तिचे रूप लंडनच्या छायाचित्रासारखे दिसलेच नसते. जे हुबेहूब त्या छायाचित्रासारखे दिसते, ते रुजलेले नसून चिकटवलेले आहे.

दुसरा युक्तिवाद अधिक रोखठोक आहे : गाडी माझी, पैसा माझा, तुमचे काय जाते? जाते ते असे. म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना 1996 साली बंद पडला. आरएक्स 100 चे उत्पादनही त्याच वर्षी थांबले. बिडाच्या इंजिनाची बुलेट 2010 च्या सुमारास इतिहासजमा झाली. जावा हे नाव 2018 साली आणि येझदी हे नाव 2022 साली बाजारात परतले, परंतु ती नवी यंत्रे आहेत. जुन्यांची संख्या आता केवळ घटू शकते. प्रत्येक कापलेल्या सांगाड्यागणिक एक मूळ यंत्र कमी होते, आणि उतरवलेली मडगार्डे, टूलबॉक्स, साइडपॅनेल भंगारात किलोवर जातात. मालकीचा हक्क आम्ही नाकारत नाही. जुन्या वाड्याचा मालकही वाडा पाडू शकतो. पण पाडण्यास ‘वारसाजतन’ म्हणण्याचा हक्क त्यास मालकीतून मिळत नाही. शिवाय ब्रेक नसलेली गाडी ज्याच्या अंगावर जाईल तो तर मालक नसतो.

तिसरा मुद्दा गरजेचा. ज्यास खरोखर कॅफे रेसर चालवायची आहे त्यास आज ती विकत मिळते. रॉयल एनफिल्डने 1960 च्या दशकात इंग्लंडात कॉन्टिनेन्टल जीटी नावाची अडीचशे सीसीची गाडी काढली होती. शिकाऊ चालकांना तिथे तेवढ्याच क्षमतेची मुभा असल्याने ती तरुणांत लोकप्रिय झाली. तेच नाव कंपनीने 2013 साली चेन्नईहून परत आणले आणि 2018 साली साडेसहाशे सीसीच्या जुळ्या सिलिंडरांवर चढवले. शंभर मैलांचा आकडा तिला खरोखर गाठता येतो आणि पुढेमागे डिस्क ब्रेक आहेत. तेव्हा म्हाताऱ्या बुलेटीला कापण्यावाचून गत्यंतर नव्हते, ही सबब आता उरलेली नाही.

शुद्धिवाद्यांशीही आमचे पटत नाही

याचा अर्थ आम्ही त्या दुसऱ्या पंथात आहोत असा नव्हे, ज्यास कारखान्यातून निघालेल्या दिवशीचा स्क्रूसुद्धा पवित्र वाटतो. हा पंथ एकनाथांच्या ज्ञानेश्वरी-शुद्धीचा दाखला देण्यास चुकत नाही. नाथांनी शके 1506 मध्ये पाठ शुद्ध केला आणि पुढल्यांनी त्यात आपली ओवी घुसडू नये असे बजावले, हे खरे. पण मोटारसायकल हा ग्रंथ नव्हे. तिची जात जात्यावरच्या ओवीची आहे. प्रत्येक हातातून जाताना ती थोडी बदलते, आणि बदलल्यामुळेच टिकते. बुलेटच पाहा. इंग्लंडातली ही गाडी 1955 पासून मद्रासला बनू लागली, तिकडचा कारखाना बंद झाल्यावरही इकडे जगली, सहा व्होल्टची बारा व्होल्टची झाली, उजवीकडचा गिअर डावीकडे गेला. वाटेतल्या हजारो मिस्त्र्यांनी मिळेल तो बेअरिंग, मिळेल ती केबल लावून तिला चालती ठेवली. शोकेसमध्ये ठेवलेली, वर्षातून एकदा संचलनात ढकलत नेलेली ‘अस्सल’ गाडी आम्हांस विशेष पूजनीय वाटत नाही. मात्र जात्यावर बसणारी बाई शब्द बदलते, ठेका मोडत नाही. बदलाचा अधिकार ठेका ठाऊक असणाऱ्याचा, एवढाच आमचा आग्रह.

कायदा

कायद्याविषयी दोन शब्द आवश्यक. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका ठामपणे सांगितली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ मध्ये अनुमती नसलेल्या अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. तरीही हा व्यवसाय भररस्त्यावर पाट्या लावून चालतो आणि कारवाई होते ती बहुधा सायलेन्सरवर. रोडरोलरखाली सायलेन्सर चिरडल्याची छायाचित्रे छापून येतात. मागची कापलेली कमान आणि झिजलेला ब्रेक मात्र सुखरूप घरी जातात. म्हणजे पोलीसही जे कानांस जाणवते तेवढेच पाहतात, जसा गिऱ्हाईक जे डोळ्यांस दिसते तेवढेच पाहतो.

या कायद्याचा दोष असा की तो चांगल्या आणि वाईट बदलांत पुरेसा भेद करत नाही. जर्मनीत बदललेली गाडी अधिकृत तपासनिसापुढे न्यावी लागते. तो ब्रेक, झाळ, टेकू तपासतो आणि बदल मान्य केला तर तो कागदपत्रांत नोंदवला जातो. आपल्याकडे एकट्यादुकट्या मालकास असा खुला मार्ग नाही. परिणामी नेकीने काम करणारा मिस्त्री आणि रंगाखाली भेग लपवणारा, दोघेही सारखेच बेकायदा ठरतात. आणि दोघे सारखेच बेकायदा असले की स्वस्त असतो तो टिकतो.

आमची मागणी

ज्यांस जुनी गाडी बदलायचीच आहे त्यांनी क्रम उलटा करावा. आधी ब्रेक : ड्रम गोल आहे का, लायनर पुरे टेकतात का, केबल नवी आहे का, शक्य असल्यास पुढे डिस्क. मग चाकांचे स्पोक, टायर, शॉकॲब्झॉर्बर, हँडलच्या मुळाचे बेअरिंग. मग इंजिन आणि कार्बोरेटर. फिल्टर बदलला तर जेट बदलून, प्लगचा रंग पाहून. रूप सर्वांत शेवटी, आणि तेही नटबोल्टांनी जोडता-सोडता येईल असे. सांगाड्यास ग्राइंडर लावू नये. त्यावर कोरलेला क्रमांक हीच त्या गाडीची ओळख आहे. काढलेला प्रत्येक भाग पोत्यात घालून माळ्यावर ठेवावा, म्हणजे पुढच्या मालकास परतीची वाट राहील. आणि अख्खी, चालती, कागदपत्रांसह असलेली गाडी कापायला घेऊ नये. जिचे आधीच अर्धे अवयव हरवले आहेत अशी घ्यावी. ट्रायटनवाल्यांनीही उरलेलेच सांगाडे घेतले होते.

राहता राहिला मिस्त्री. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, पुण्याच्या नाना पेठेच्या आसपास, कुर्ल्याच्या गल्ल्यांत अजूनही अशी माणसे आहेत ज्यांना इंजिनाच्या आवाजावरून टॅपेट सैल आहे की पॉइंट जळाले आहेत हे सांगता येते. जी लेथवर बुश घडवतात आणि झाळ लावण्याआधी नळीची जाडी मोजतात. आज त्यांच्याकडे येणारा तरुण भ्रमणध्वनीवरचे छायाचित्र पुढे करतो आणि ‘असे दिसायला हवे’ म्हणतो. ‘हिचा ब्रेक आधी करू’ असे म्हणणारा मिस्त्री त्यास जुनाट वाटतो आणि गिऱ्हाईक शेजारच्या रंगकाम-कातडेकामवाल्याकडे जाते. कॅफे रेसर हा मुळात अशाच हातांचा पराक्रम होता. त्या हातांना बाजूस सारून त्यांच्या पराक्रमाचे नाव तेवढे टाकीवर रंगवणे, हा आमच्या लेखी अप्रामाणिकपणा आहे.

तेव्हा या मंडळींनी एक तर त्या मिस्त्र्याचे ऐकावे, नाही तर नाव बदलावे. कापलेल्या बुलेटीला ‘शोची गाडी’ म्हणावे; त्यात आमची काही हरकत नाही. कॅफे रेसर म्हणायचे असेल, तर ती थांबते कशी ते आधी दाखवावे.